न भरणारी टाकी

गावचं घर नव्याने बांधलं तेव्हा माझा सगळ्यात जास्त वेळ फरशा निवडण्यात गेला आणि सगळ्यात कमी संडासाच्या टाकीवर. फरशांसाठी रत्नागिरीतली दुकानं पालथी घातली. टाकीबद्दल मात्र गवंड्याशी उभ्या उभ्या बोललो. त्या उभ्या उभ्या बोलण्याची किंमत पुढे बरीच वर्षं मोजावी लागली, आणि ती माझ्यापेक्षा इतरांनीच जास्त मोजली. कोकणात सध्या वाडीवाडीतून माझ्यासारखे चाकरमानी निवृत्तीच्या पैशांतून घरं बांधताहेत. त्यांच्यापैकी कुणी खड्डा खणायच्या आधी हे वाचलं, तर लाज बाजूला ठेवून लिहिल्याचं सार्थक होईल.

पहिली चूक बांधकामाच्याही आधीची. वडिलांनी परसात दोन खड्ड्यांचा संडास बांधून घेतला होता. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं, भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा, आणि मग आतली कोरडी, वास नसलेली माती काढून माडांच्या आळ्यात टाकायची. आयुष्यभर त्यांनी कुणालाही मैला उपसायला बोलावलं नाही. मला तो संडास गावठी वाटला. सुनेला, नातवंडांना शहरासारखं हवं म्हणून तो मी पाडला. स्वच्छ भारत अभियानाने खेड्यांसाठी हीच दोन शोषखड्ड्यांची पद्धत उचलून धरली आहे, हे मला नंतर कळलं.

नवीन टाकी कशी असावी, असं गवंड्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मोठी करा. परत बघायला लागता नये." त्याने आमच्याकडे सगळीकडे ऐकू येतं तेच उत्तर दिलं. "भाऊ, खाली जांभा आहे. तळ कशाला करता? चारी बाजूंनी चिरा लावतो, तळ उघडा ठेवतो. पाणी जिरत राहील, टाकी भरणारच नाही." तळाचं काँक्रीट वाचलं, आतला गिलावा वाचला, शोषखड्डाही वाचला. मला तो माणूस हुशार वाटला. त्याचा दोष मी काढत नाही. मला हवं होतं तेच त्याने सांगितलं.

टाकी झाली ती चौकोनी, लांबी-रुंदी सारखीच. आत येणारा पाइप आणि जास्तीचं पाणी बाहेर नेणारा पाइप समोरासमोर, एकाच पातळीला आणि दोन्ही सरळ. बाहेरचा पाइप मागच्या वहाळाकडे काढला होता. वायुनळी लावली नाही, कारण घराच्या मागे ती बरी दिसली नसती. वर स्लॅब घातला आणि स्लॅबवर मी हौसेने निवडलेल्या फरशा बसवल्या. झाकण त्या फरशांखाली गेलं. अंगणातलं पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून त्याची वाटही टाकीच्या चेंबरमध्ये सोडली.

यातली एकही गोष्ट नियमात बसणारी नव्हती. पण नियम कोणते, हे मी विचारलंच नाही. ग्रामपंचायतीत गेलो ते कागद लवकर कसे हलतील हे बघायला. नकाशावर 'सेप्टिक टँक' असं लिहिलेला एक छोटा आयत होता. तो आयत प्रत्यक्षात चौकोन झाला, तरी कुणी बघायला आलं नाही, आणि कुणी येऊ नये अशीच माझीही इच्छा होती. गावाकडच्या घराला कसले आलेत नियम, या समजुतीत मी निवांत होतो.

नियम होते, आणि वाचायला सोपे होते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २४७० या संहितेची १९८५ सालची आवृत्ती याच विषयावर आहे. मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यातही सेप्टिक टँकसाठी वेगळा परिच्छेद आहे. टाकीची रुंदी आतून किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, धारणक्षमता किमान १ घनमीटर. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. वायुनळी किमान ५० मिलिमीटर व्यासाची, वर डासांची जाळी, आणि घर १५ मीटरच्या आत असेल तर घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच. शोषखड्डा किंवा शोषचर पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १२ मीटरच्या आत नको, राहत्या घरापासून २ मीटरच्या आत नको. टाकीतून बाहेर पडणारं पाणी योग्य प्रक्रियेशिवाय उघड्या गटारात किंवा पाण्याच्या प्रवाहात कोणत्याही परिस्थितीत सोडायचं नाही. एवढं वाचायला अर्धा तास पुरे. फरशांचा कॅटलॉग मी त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ चाळला होता.

यातली अंतराची अट मी पाळली होती असं मला वाटत होतं, आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. आमच्या विहिरीपासून टाकी लांब असावी एवढी अक्कल मला होती. टेप लावून मी चांगलं पन्नास फुटांचं अंतर ठेवलं. टाकी गेली हद्दीच्या गडग्याजवळ. गडग्यापलीकडे शेजारच्या काकींची विहीर होती. ती मी मोजली नाही. ती माझ्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून माझ्या हिशेबातही नव्हती.

पहिली काही वर्षं टाकी खरंच भरली नाही. मी पुण्यातल्या मित्रांना अभिमानाने सांगायचो, "आमच्या टाकीला उपसा माहीतच नाही." सेप्टिक टँकबद्दल इतकी अडाणी बढाई दुसरी नसेल. टाकी ही मुळात पाणी धरून ठेवण्यासाठी असते. मैला संथ पाण्यात राहिला की जड भाग तळाशी बसतो, तेल-चरबीची साय वर तरंगते, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तळचा गाळ हळूहळू कुजवतात. मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्यात जातं. तेही निवळ दिसतं एवढंच. त्यात रोगजंतू भरपूर असतात. त्यांचा नायनाट मातीच्या पुरेशा जाड थरातून झिरपताना होतो. म्हणून चांगली टाकी कायम बाहेरच्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरलेली असते, आणि दोन-तीन वर्षांनी तिच्यातला गाळ काढावाच लागतो. जी टाकी कधी भरत नाही, ती गळत असते. माझी टाकी गळण्यासाठीच बांधलेली होती.

शेवटी एका गणपतीत ती तुंबली. एरवी घरात आम्ही चार माणसं, गणपतीत वीस-बावीस. उघड्या तळाची आणि भिंतींची छिद्रं वर्षानुवर्षांच्या गाळाने लिंपून गेली होती, आणि त्यात अंगणातल्या पावसाचा लोंढा थेट टाकीत. ऐन गौरीपूजनाच्या दिवशी भांड्यातून पाणी उलटं वर आलं. आधी मी ॲसिड ओतलं. मग दुकानदाराने दिलेल्या पावडरच्या पुड्या ओतल्या. ॲसिडने मरतात ते गाळ कुजवणारे जिवाणूच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणि साचलेला गाळ कुठल्याच पुडीने नाहीसा होत नाही.

त्यानंतर जे केलं ते लिहिताना आजही हात थांबतो. बाजारपेठेत कुणीतरी सांगितलं की दोन माणसं आहेत, ती हाताने उपसून देतात. मी त्यांना बोलावलं. घासाघीस करून पैसे ठरवले. फरशा फोडून झाकण उघडलं. वरून बादलीने जमेल तेवढं काढून झाल्यावर त्यांच्यातला तरुण कमरेला दोर बांधून आत उतरला. आत उतरू नको, हे मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "कोपऱ्यातला गाळ राहू देऊ नका." थोड्याच वेळात त्याचं बोलणं थांबलं. वरच्या माणसाने हाक मारली, उत्तर आलं नाही. आम्ही दोघा-तिघांनी दोर ओढला. तो वर आला तेव्हा शुद्धीवर होता, पण मान टाकत होता. अंगणात आडवं केल्यावर काही वेळाने सावरला. घरातून चहा आला तो कागदी कपात. आमच्या हातात रोजचे कप होते. तेही मी बघितलं आणि गप्प बसलो.

बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि माणसाला वाटतं वास गेला. शिवाय मिथेन असतो, प्राणवायू कमी असतो. टाकीत एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या आपण वर्षातून कितीदा वाचतो. त्या दिवशी आमच्या अंगणातून तशी बातमी गेली नाही, यात माझं कर्तृत्व काही नाही.

आपण कायदाही मोडतोय, हे मला माहीत नव्हतं. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा फक्त नगरपालिकांसाठी आहे, अशी माझी समजूत होती. त्याच्या कलम ७ मध्ये संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करवून घेण्याची बंदी 'कोणत्याही व्यक्ती'ला आहे. घरमालक त्यात आलाच. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सफाईत मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण आकड्यांनी माझी जेवढी झोप उडाली नाही तेवढी एका जुन्या हकिकतीने उडाली. याच रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्याला भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. ते काम एका जातीच्या माथी मारलेलं राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करणाऱ्या साध्या संडासांचा प्रचार केला. त्यांची शाळेच्या भिंतीवरची तसबीर मी लहानपणापासून बघितली होती. आणि मी स्वतःच्या वडिलांचा खत करणारा संडास पाडून, दुसऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याला टाकीत उतरवलं होतं.

उरलेलं काम सक्शन गाडीने झालं. टाकी उपसून झाल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "कुठे ओतू?" मी म्हणालो, "ते तुमचं तुम्ही बघा." त्याने काय बघितलं, ते मला काही दिवसांनी कळलं. रस्त्याकडेच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत त्याने टँकर रिकामा केला होता. त्या खाणीत पावसाचं पाणी साठतं, गुरं तिथे पाणी पितात. पैसे देऊन मी माझी घाण दोन मैलांवर हलवली होती, एवढंच.

हे काम नीट करता येतं. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपरिषदांनी प्रत्येक घराची टाकी दर तीन वर्षांनी वेळापत्रकाप्रमाणे उपसण्याची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत घालून दिली. तुंबल्यावर धावाधाव नाही, पाळी आली की गाडी दारात. खेड्यापाड्यांत अजून तशी सोय नाही. म्हणूनच 'कुठे ओतणार' हा प्रश्न गाडी ठरवतानाच विचारायला हवा. मी तो उलट ड्रायव्हरच्याच गळ्यात टाकला.

उपशानंतर टाकी पुन्हा 'छान' चालू लागली. म्हणजे खरवडलेल्या तळातून आणि भिंतींतून ती पुन्हा गळू लागली. पुढच्या पावसाळ्यात काकी गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, आमच्या बावीच्या पाण्याला वास येतोय रे." मी त्यांना सांगितलं की पानं कुजली असतील. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्यावर विश्वास ठेवण्याची त्यांना सवय होती. त्यांच्या नातवाला त्या पावसात जुलाबांचा त्रास झाला. तो माझ्या टाकीमुळेच झाला हे कुणी सिद्ध करू शकणार नाही, आणि सिद्ध होणार नाही या आधारावर मी काही आठवडे गप्प राहिलो. माझ्या सगळ्या चुकांमध्ये हे गप्प राहणं मला सगळ्यात नीच वाटतं, कारण ते अज्ञानातून आलेलं नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने त्या विहिरीचं पाणी तपासणीच्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं. पाणी काळं पडलं, म्हणजे दूषित. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतही नमुना पिण्यास अयोग्य ठरला. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० हे मानक सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू सापडताच कामा नये. पाणी पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक परिचित मग माझ्याकडे आले. त्यांनी वाद घातला नाही. फ्लुओरेसीन नावाचा निरुपद्रवी रंग आमच्या संडासात ओतून पाणी सोडलं आणि वाट बघायला सांगितलं. काकींच्या विहिरीवर हिरवट झाक आली. आमच्या विहिरीत काही नाही.

कारण त्यांनी समजावलं. जांभा हा सच्छिद्र दगड, त्यात नळ्यांसारख्या पोकळ वाटा असतात. वाळू-मातीतून पाणी हळूहळू गाळून निघतं, तसं इथे होईलच असं नाही; घाण पाणी एखाद्या वाटेने सरळ धावतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याची पातळी माझ्या टाकीच्या उघड्या तळापर्यंत चढत होती. म्हणजे पावसाचे चार महिने काकींची विहीर आणि माझी टाकी जवळपास एकाच पाण्यात उभ्या होत्या. नियमातले १२ मीटर हे किमान अंतर आहे. जांभ्यात, उताराच्या जागी, ते त्याहून वाढवायला हवं. माझी टाकी काकींच्या विहिरीपासून जेमतेम सात मीटरवर होती.

मी काकींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचंस." त्यांच्या विहिरीचा उपसा आणि शुद्धीकरण माझ्या खर्चाने झालं, आणि पुढच्या तपासण्या चांगल्या येईपर्यंत त्यांच्या घरी प्यायचं पाणी आमच्या विहिरीवरून गेलं. जुनी टाकी यंत्राने उपसून, चुना टाकून, मातीने बुजवली. या वेळी गाळ कुठे जाणार ते आधी ठरवलं. वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब, आमच्याच कातळाखालच्या मळ्यात, पाऊस संपल्यावर खोल चर खणून तो मातीआड केला.

नवीन टाकी उताराच्या बाजूला, दोन्ही विहिरींपासून लांब नेली. पाच माणसांना मानकाप्रमाणे लागते ती टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सुमारे एक मीटर पाण्याच्या खोलीची. गणपतीची गर्दी धरून मी ती मोठी केली, पण लांबटच ठेवली आणि लांबीच्या दोन-तृतीयांशावर मधली भिंत घातली. तळ काँक्रीटचा, आतून सिमेंटचा गिलावा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना 'टी' बसवले, म्हणजे वरची साय बाहेर जात नाही. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली. वापरण्याआधी पाण्याने भरून गळते का ते बघितलं. जुन्या गवंड्यांचा थोडं शेण टाकायचा सल्ला योग्य निघाला. ते जिवाणूंचं विरजण असतं आणि फुकट मिळतं. शोषखड्ड्यात सिमेंटचा राडारोडा न भरता उघड्या सांध्यांचं बांधकाम केलं, त्यामागे खडी. पावसाचं पाणी वेगळं काढलं. वायुनळी घराच्या माथ्यावर दोन मीटर गेली आहे आणि ती दिसते. झाकणावर फरशी नाही, आणि न्हाणीघराच्या दारामागे पुढच्या उपशाची तारीख लिहिली आहे.

या सगळ्याचा खर्च पहिल्या टाकीत वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पटींनी झाला. पण मुद्दा पैशांचा नाही. टाकीचे नियम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ मालकासाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलेली आहे. विहिरीपासूनचं अंतर शेजाऱ्यासाठी, उंच वायुनळी आजूबाजूच्या घरांसाठी, उघड्या प्रवाहात न सोडण्याची अट वहाळाच्या खालच्या वाडीसाठी, आणि आत न उतरवण्याची अट उतरणाऱ्यासाठी. मालकाला त्याच्या चुकीचा वास सगळ्यात शेवटी येतो. म्हणूनच 'माझ्या जागेत मी काहीही करीन' हे इथे चालत नाही. आपली टाकी आपल्या हद्दीत असते, तिच्यातलं पाणी नसतं.

घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. खड्डा खणण्याआधी टेप घेऊन गडग्यापलीकडे जा आणि शेजाऱ्याची विहीरही मोजा. आणि टाकी बांधून झाली असेल, वर्षानुवर्षं भरत नसेल, तर तिचं कौतुक करू नका. या पावसाळ्यात आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासून घ्या. टाकी तुंबलीच, तर गाडी मिळेपर्यंत संडास बंद ठेवा, गैरसोय सोसा, पण कुणालाही आत उतरवू नका.